आधी म्हाताऱ्यांची आंघोळ

"आधी म्हाताऱ्यांना आंघोळ घाल, मग पोरांना. आणि मध्येच पाणी बदलू नकोस."

अलोईस इमहोफने हे मला एकतीस वर्षांपूर्वी सांगितलं, तळघराच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून. सांगून झाल्यावर माझ्या हातात एक ब्रश आणि मिठाच्या पाण्याची बादली दिली. नवरा गेल्यावर मी तेव्हा नुकतीच कामाला लागले होते. कोण म्हातारे, हे विचारायचा धीर होईना. माझा चेहरा बघून तो हसला आणि त्याने फळीवरचं एक चीज उचललं. केशरी, चिकट, आणि वास असा की डोळ्यांत पाणी आलं. "हा सोळा दिवसांचा. हा म्हातारा." मग पलीकडच्या फळीवरचं, दुधासारखं पांढरं. "हे कालचं. हे पोर. म्हाताऱ्याच्या अंगावरचं पाणी पोराच्या अंगावर गेलं की पोर वयात येतं. एवढंच आहे आपल्याकडे. दूध काय, सगळ्यांकडेच असतं."

आमच्या चीजला आम्ही वीट म्हणतो. आकार विटेचा, आणि अलोईस ती अजूनही खऱ्या भाजक्या विटांखाली दाबतो. पुढचे दोन-तीन आठवडे ती तळघरातल्या लाकडी फळ्यांवर असते, आणि रोज तिला आंघोळ असते. त्या फळ्या अलोईसच्या वडिलांच्या हातच्या. काळ्या पडलेल्या, गुळगुळीत, हात लावला की बोटांना चिकटणाऱ्या. विस्कॉन्सिनच्या आमच्या या कोपऱ्यात पूर्वी गावोगाव असे कारखाने होते. आता आमचा एक. काम करणारे तीन: अलोईस, मी आणि दोन वर्षांपासून माझी भाची लिओना.

लिओना माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण दुसऱ्या लग्नानंतर ॲरिझोनाला गेली आणि पोरगी माझ्याकडे राहिली. मॅडिसनला चार वर्षं अन्नशास्त्र शिकून आली तेव्हा बाविशीची होती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने माझ्या फ्रिजवर, मरियेच्या चित्राखाली, एक कागद चिकटवला. त्यावर तीन ओळी होत्या. परवाना. मिलवॉकी. माझ्या नावाचं चीज.

"इतकं सोपं?" मी विचारलं.

"सोपं कुठे, मावशी? म्हणून तर लिहून ठेवलं." मग माझ्या हातांकडे बघत म्हणाली, "इथेच राहिले तर तिशीपर्यंत माझे हात तुझ्यासारखे होतील." आणि लगेच जीभ चावली. मिठाने माझी बोटं भेगाळलेली आहेत, खोटं काय बोलली? मी हसले. तिला वाईट वाटून तिने त्या रात्री भांडी घासली.

मिलवॉकीला एक मोठी कंपनी आहे. तिथे पांढरे कोट घातलेली आठ माणसं दिवसभर नवीन चीज शोधून काढतात, आणि दरवर्षी दोन तरुणांना घेतात. त्या वर्षी त्यांनी लिओनाला मुलाखतीला बोलावलं होतं, ईस्टरच्या आधीच्या बुधवारी. अटी दोन. चीज बनवायचा सरकारी परवाना हवा, आणि त्यासाठीच्या अर्जावर तिच्या उस्तादाची सही हवी. दुसरी, तिने एकटीने, दुधापासून आंघोळीपर्यंत, केलेल्या खेपेतली एक वीट घेऊन यायची.

फेब्रुवारीत अलोईसच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, तीन आठवडे पायरी उतरायची नाही म्हणून डॉक्टरने बजावलं. जायच्या आदल्या दिवशी त्याने आम्हां दोघींना घरी बोलावलं आणि लिओनासमोर तळघराची किल्ली ठेवली.

"डॉक्टरीणबाई," तो म्हणाला. ती शिकून आल्यापासून तो तिला असंच चिडवायचा. "तळघर तुझं. दूध येतंय, मीठ आहे, विटा आहेत. नवीन काही करू नकोस."

"काहीच नाही, उस्ताद?"

"झोपा काढल्यास तरी चालेल. नवीन काही नको."

"आणि माझी परीक्षेची खेप?"

"ती कर. एकटीने. मी फोनसुद्धा करणार नाही."

"करूच देणार नाही मी," त्याची बायको ट्रूडी स्वयंपाकघरातून ओरडली. "फोन लपवणार आहे. आणि गॅरेजमधलं ते फेकून देणार आहे!"

"त्याला हात लावायचा नाही!"

अलोईस दर महिन्याला एक वीट स्वतःसाठी ठेवतो आणि चांगली जुनी झाल्यावर राय धान्याच्या काळ्या पावावर, कच्च्या कांद्याबरोबर खातो. ट्रूडी ती घरात येऊ देत नाही. म्हणून गॅरेजमध्ये, चरबीच्या रिकाम्या डब्यात. चाळीस वर्षं त्या घरात हे एकच भांडण चालू आहे.

राखेचा बुधवार झाला आणि ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सुरू झाला. दरवर्षी या चाळीस दिवसांत मी कॉफी सोडते. त्या वर्षी कॉफीबरोबर आणखी एक गोष्ट सोडली होती: कुणाची चूक काढणं. माझा आवाज हळू आहे, पण जिभेला टोक आहे हे मला माहीत आहे. पहाटे साडेचारला उठून जपमाळ झाली की मी रोज तेवढंच मागत होते. आज कुणाला टोचून बोलायला लावू नकोस.

अलोईस गेल्याच्या चौथ्या दिवशी मी तळघरात उतरले तर जिन्यातच वाफ आली. लिओनाने निम्म्या फळ्या रिकाम्या करून धुण्याच्या खोलीत नेल्या होत्या. रबरी हातमोजे, तोंडाला फडकं, एका हातात गरम पाण्याची नळी, दुसऱ्या हातात तारेचा ब्रश. जंतू मारायच्या औषधाचा वास नाकात चढत होता. फळ्यांवरचा काळा, चिकट थर पाण्याबरोबर वाहून जात होता, आणि खालून नवीन लाकडासारखा पिवळा रंग निघत होता.

"बघ मावशी!" ती म्हणाली. "साठ वर्षांची घाण! उस्तादांनी आयुष्यात एकदा तरी धुतल्या असतील का गं?"

मी शेवटच्या पायरीवरच थांबले.

"आणि आंघोळीचा क्रमही मी बदलतेय. आधी पोरांना, मग म्हाताऱ्यांना, आणि रोज नवीन पाणी. म्हाताऱ्यावर एखादा वाईट जंतू असला तर त्याच पाण्यातून तो सगळ्या पोरांवर जातो ना? एक आजारी, तर सगळे आजारी. पुस्तकात चित्रासकट आहे."

ती बोलत होती ते खोटं नव्हतं. मीही वर्तमानपत्रात वाचलं होतं, कुठल्या तरी कारखान्याचं चीज खाऊन माणसं आजारी पडली म्हणून. तिच्या डोळ्यांत चमक होती. चांगलं काही केल्याची, कुणी न सांगता केल्याची. एकतीस वर्षं जी गोष्ट मी पहिल्या दिवसापासून ऐकत आले ती तोंडाशी आली, आणि मी व्रत आठवून तोंड मिटलं.

"गारठा आहे," मी म्हणाले. "स्वेटर घाल."

एवढंच म्हणाले मी. संध्याकाळपर्यंत उरलेल्या फळ्याही धुऊन झाल्या.

त्या वेळी तळघरात जुन्या विटा होत्या त्या पुढच्या दहा-बारा दिवसांत तयार झाल्या, गुंडाळल्या, आणि ईस्टरच्या मागणीसाठी ट्रकमधून गेल्या. थंड खोलीतल्याही सगळ्या गेल्या. मागे राहिल्या त्या फक्त नव्या. त्यांतच लिओनाच्या परीक्षेच्या वीस विटा. दूध तापवण्यापासून विरजण घालण्यापर्यंत, दही तारांनी कापण्यापासून निवळी काढण्यापर्यंत सगळं तिने एकटीने केलं होतं, आणि काम इतकं नीटस होतं की बघताना मला अभिमान वाटला.

दहाव्या दिवशी त्या पांढऱ्याच होत्या. चौदाव्या दिवशीही. सोळाव्या दिवशी आधीच्या खेपांवर शिळ्या पावावर येतात तसे करडे, मऊ केस आले. मी तळघराचं दार उघडलं तेव्हा पहिल्यांदाच, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मला माझ्या स्वतःच्या अंगाच्या साबणाचा वास आला. बाकी काही नाही.

लिओना एका उलट्या बादलीवर बसली होती.

"दोनशे चाळीस," ती म्हणाली. "एकही केशरी नाही."

मी तिच्या शेजारी उभी राहिले.

"त्या फळ्यांतच होतं ना ते? घाण नव्हतीच ती. आपलं सगळं तिथेच राहत होतं." मग घाईघाईने बोलायला लागली. "पण ऐक. चांगल्या जंतूंची तयार पुडी मिळते. मागवली की दोन दिवसांत येते. त्यानेही असाच थर चढतो, केशरी होतो. मुलाखतीपर्यंत माझ्या वीस तरी होतील. मिलवॉकीच्या लोकांना काय कळतंय?"

"अलोईसला कळेल."

"त्यांना सांगेन ना मी. नंतर. एकदा सही झाली की."

"लिओना."

"काय?"

"तू फळ्या धुतल्यास तेव्हा मला माहीत होतं, असं होणार म्हणून."

तिने वर बघितलं. मला वाटलं ती रडेल. रडली नाही.

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"व्रत होतं. कुणाची चूक काढायची नाही, असं."

"व्रत!" ती उभी राहिली. "म्हणजे तू इथे उभी राहून बघत होतीस? मी नळी घेऊन वेड्यासारखी... आणि तू म्हणालीस स्वेटर घाल! वा, मावशी. पुण्य तुला, आणि दोनशे चाळीस पांढऱ्या विटा मला!"

मी देवाला दिलेला शब्द पाळला, असं इतके दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला तिचा तो चमकणारा चेहरा पाडायचा नव्हता. आणि तिने माझ्यावर चिडावं हे तर नकोच होतं. व्रत आयतं हाताशी होतं.

"बरोबर बोलतेस," मी म्हणाले. "आता बोलते. पुडी मागवू नकोस. आपण दोघी अलोईसकडे जाऊ."

ते व्रत मी त्या दिवशी मोडलं. कॉफीचं तेवढं पाळलं.

अलोईस खिडकीशी बसला होता, पाय स्टुलावर. लिओनाने उभ्यानेच सगळं सांगितलं. फळ्या, औषध, आंघोळीचा उलटा क्रम, नवीन पाणी. काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही. फक्त पुडीचं बोलली नाही.

"वास?" त्याने विचारलं.

"नाही."

"अजिबात?"

"साबणाचा येतो."

तो खिडकीकडे वळला. बाहेर ट्रूडी पाखरांना दाणे टाकत होती. "माझे वडील त्या फळ्या..." तो म्हणाला आणि दुखरा गुडघा चोळत बसला. मग, "घरी जा, पोरी."

डॉक्टरीणबाई म्हणाला नाही तो, हे मला जास्त लागलं. लिओना बाहेर गेली. दारातून मी वळले. "अलोईस, ती धूत होती तेव्हा मी तिथे होते. बघत होते. बोलले नाही."

त्याने लिओनाकडे बघितलं त्यापेक्षा जास्त वेळ माझ्याकडे बघितलं. "तू ना, व्हेरेना, न बोलण्यात तुझा हात कुणी धरणार नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात ट्रूडीची गाडी थांबली. ती उतरली तेव्हा चरबीचा एक डबा तिने हात लांब करून धरला होता, आणि मान दुसऱ्या बाजूला.

"घ्या बाई. चाळीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा कशाच्या तरी कामाला आलं."

झाकण उघडायच्या आधीच स्वयंपाकघरभर तो वास पसरला. लिओना जिन्यावरून धावत खाली आली. डब्यात एक वीट होती, जानेवारीची, गर्द केशरी, कडेने पाझरलेली. वर अलोईसच्या मोठ्या अक्षरात एक चिठ्ठी. *आधी हिला. मग दोघींना. मग चौघींना. सकाळी पाच, संध्याकाळी पाच. फळ्यांना वास येईपर्यंत. एक वेळ चुकली तर पुन्हा पहिल्यापासून.*

लिओनाने ती वीट हातात घेतली, आणि मग परत ठेवली. फोन उचलला.

"उस्ताद, मी आधी हिचा तुकडा मॅडिसनला तपासायला पाठवतेय."

मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता. "काय? माझ्या चीजची तपासणी?"

"हो. फळ्या धुतल्या ती चूक होती. पण मला भीती वाटत होती ती खोटी नव्हती. या एका विटेतून सगळं पुन्हा उभं राहणार असेल तर तिच्यात वाईट काही नाही ना, हे मला आधी बघायचंय."

मी मनात जपाचे दोन मणी सरकवले.

"किती दिवस?"

"चार."

"चार. पाचव्या दिवशी आंघोळ."

"हो. आणि उस्ताद, फळ्यांना वास येईपर्यंत मी एकही वेळ चुकवणार नाही. शब्द देते."

"शब्द मला कशाला देतेस? फळ्यांना दे," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मॅडिसनहून उत्तर आलं, चीज चांगलं आहे. केस आलेल्या शंभरएक विटा शेजारच्या डुकरांच्या वाट्याला गेल्या, आणि डुकरांनी काही तक्रार केली नाही. उरलेल्यांवर लिओना कामाला लागली. पहाटे पाचला ती जुनी वीट आधी, मग त्याच पाण्यात बुडवलेला ब्रश दुसऱ्या विटेवर, तिसऱ्या विटेवर, आणि शेवटी उरलेलं पाणी फळ्यांवर. पुन्हा संध्याकाळी पाचला. मी मदतीला जायची, पण ब्रश ती मला देत नसे. विटा उलटायला देई. पहिला आठवडा काहीच दिसलं नाही. दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी एका विटेच्या कोपऱ्यावर नखाएवढा केशरी डाग दिसला. लिओनाने मला खांद्याला धरून त्याच्यासमोर नेलं आणि दोघी तान्ह्या बाळाकडे बघावं तशा बघत राहिलो.

मुलाखतीच्या बुधवारी तिने विटांची पहाटेची आंघोळ उरकली आणि केस तीनदा धुवून, इस्त्रीचा निळा शर्ट घालून मिलवॉकीला गेली. दोन तासांचा रस्ता. डब्यात दोन विटा होत्या, दोन्ही तिच्या खेपेतल्या. एक ठिपक्याठिपक्यांनी केशरी झालेली. दुसरीला मुद्दाम आंघोळ घातली नव्हती, ती पांढरीफटक. पांढरी कशाला नेतेस, मी विचारलं. म्हणाली, "मला विचारतील तू काय केलंस. मग?"

पाचला दहा कमी असताना ती जिना उतरत आली. निळा शर्ट तसाच, खाली रबरी बूट.

"झालं?" मी विचारलं.

"आधी पाणी दे." आणि ब्रश चालवता चालवता तिने सांगितलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंचं नाव मिसेस हावरकॅम्प. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवून बोलणाऱ्या. त्यांनी पांढरी वीट हुंगली. "म्हणाल्या, हे काय आणलंयस? मी सांगितलं सगळं. फळ्यांपासून गॅरेजपर्यंत."

"सगळं?"

"सगळं. तोंड सुटलं की सुटलं माझं. मग त्यांनी ठिपक्यांची वीट कापली, पावावर ठेवून खाल्ली, आणि म्हणाल्या, अजून कच्ची आहे. मी म्हटलं, हो. तर म्हणाल्या, तूही."

"असं म्हणाल्या?"

"असंच. पण हसून म्हणाल्या. का कुणास ठाऊक." तिने ब्रश झटकला. "ती पुढची फळी दे, मावशी."

दुसऱ्या दिवशी अलोईस आला. काठी टेकत, ट्रूडीच्या खांद्याला धरून, तळघराच्या वरच्या पायरीपर्यंत. तिथेच बसला. डोळे मिटून त्याने श्वास घेतला.

"नाही," तो म्हणाला. "पण येतोय. जूनअखेर पुरता येईल." मग खिशातून परवान्याचा अर्ज काढला आणि दुखऱ्या गुडघ्यावर ठेवून सही केली.

लिओना खाली, ब्रश हातात घेऊन उभी. "उस्ताद, फळ्या अजून झाल्या नाहीत."

"अर्जात फळ्यांचं विचारलेलं नाही. तुला काम येतं का, एवढंच विचारलंय. तुला येतं. आणि पुडी मागवली नाहीस, त्याचीही सही समज."

"पुडीचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्याने काठीने माझ्याकडे दाखवलं. "ती. हल्ली बोलायला लागलीये. ट्रूडी, उचल मला, बूड गोठलं."

गुड फ्रायडेच्या दुपारी मिलवॉकीचा फोन आला. नोकरी पक्की, एक मेपासून. लिओना स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहून "हो, हो, थँक यू" म्हणत होती आणि मी रडत होते. तो दिवस तसाही रडायचा, देवळातून नुकतीच आले होते. फोन ठेवल्यावर तिने मला उचलून फिरवलं. मग खुर्चीवर बसली. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली. एप्रिल, मे, जून.

"मी करेन ना," मी म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ. मला काय नवीन आहे?"

अलोईसचाही फोन आला. ट्रूडीने बातमी लगेच पोचवली असणार. "जा," तो म्हणाला. "वेडेपणा करू नकोस. शब्दबिब्द मी विसरलो."

"मी नाही विसरले," ती म्हणाली.

तासभर ती खोलीत बसून होती. मग बाहेर आली आणि माझ्यासमोरच तिने मिलवॉकीला फोन लावला. जुलैच्या पहिल्या तारखेपासून येऊ का, असं तिने विचारलं, आणि का ते सांगितलं. मिसेस हावरकॅम्प काय म्हणाल्या ते मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"जागा दोनच आहेत, भरायच्या आहेत," तिने फोन ठेवून सांगितलं. "वर विचारून सोमवारी कळवते म्हणाल्या. राखून ठेवू असा शब्द देत नाही म्हणाल्या."

मी नूडल्स ताटात वाढल्या. उपवासाचा शुक्रवार, मांस चालत नाही, म्हणून नुसतं लोणी.

"मावशी, मला ती नोकरी हवी आहे. तुला वाटत असेल माझं मन बदललं. नाही बदललं. तितकीच हवी आहे. दुपारपेक्षा आत्ता जास्त."

"माहीत आहे मला."

"तू काही बोलू नकोस."

"नाही बोलत."

ती काट्याने नूडल्स नुसत्याच फिरवत बसली. फ्रिजवरच्या कागदाचा एक कोपरा सुटला होता. तिने उठून तो अंगठ्याने दाबून पुन्हा चिकटवला.

"बोल ना काहीतरी," ती म्हणाली.

"गार होतायत," मी म्हणाले. मग वाटलं, स्वेटर घाल म्हणाले होते तसंच झालं हे. म्हणून काटा खाली ठेवला. "लिओना, तू गेलीस तर मी तुला नावं ठेवणार नाही. राहिलीस तर कौतुक करणार नाही. मला तू दोन्हीकडे तेवढीच दिसतेस. पण सोमवारी त्यांनी नाही म्हटलं, तर माझ्याजवळ रड. खोलीत एकटी बसू नकोस."

तिने ताट पुढे ओढलं. मग जेवली.

ईस्टरच्या रविवारी देवळात सूर्योदयाची मिस्सा सहाला असते. मी नेहमीसारखी साडेचारला उठले, दिवा लावला, गुडघ्यांवर बसले. चाळीस दिवस संपले होते, कॉफीची परवानगी होती, आणि तिचा वास घरभर सुटलेला होता. म्हणजे माझ्याआधी कुणीतरी उठून ठेवली होती.

जिना करकरला. लिओना मोजे घातलेल्या पायांनी, आवाज न करता, खाली आली. मी प्रार्थनेत आहे हे तिने बघितलं. पावाचा एक तुकडा कोटाच्या खिशात टाकला. दाराशी बसून बूट चढवले. खुंटीवरची किल्ली काढताना ती वाजू नये म्हणून मुठीत धरली.

खिडकीतून मला ती दिसत होती. वितळत्या बर्फाच्या कडेकडेने, हातात बादली घेऊन, ती कारखान्याच्या वाटेने चालू लागली होती.